धाकटे, जोडी लावायची घाई नको

अगं, काल फोनवर तू एका दमात तीन गोष्टी सांगितल्यास. बाबांची ढाबळ धुऊन, जाळी ठोकून तयार झाली, गिरेबाजांच्या दोन जोड्या घरी आल्या, आणि दिवाळी झाली की त्यांच्या जोड्या लावणार. पहिल्या दोन ऐकून मला इतका आनंद झाला की विचारू नकोस. तिसरीवर मी गप्प बसले, कारण आई तुझ्या शेजारीच होती आणि तिला वाटलं असतं, ही लांब बसून मोडता घालतेय. मोडता घालत नाही. तू खुशाल कबुतरं उडव. गल्लीतली पोरं ‘मुलगी कबुतरं उडवते’ म्हणून हसली तर हसू देत. वर पाखरू उलटलं की त्यांच्याही माना आपोआप वर होतात. मला बोलायचंय ते फक्त जोड्यांबद्दल, आणि ते निवांत बसून लिहिते आहे.

गिरेबाज आपण पाळतो कशासाठी, ते आधी नीट मनात धर. त्याचा रंग देखणा असतो, डोळा सुंदर असतो, सगळं खरं. पण तो पाळायचा त्याच्या कोलांटीसाठी. थवा वर चढून फेरी धरतो, आणि मधेच एखादं पाखरू वेग मोडतं, शेपटी पसरतं, दोन्ही पंख पाठीवर एकमेकांवर आपटतं आणि डोकं मागे टाकून मागच्या मागे गिरकी घेतं. ती टाळी गच्चीवर स्पष्ट ऐकू येते. क्षणभरात ते सावरतं आणि भावंडांना गाठायला जोरात पंख मारतं. हे सावरणं मला कोलांटीपेक्षाही जास्त आवडतं. ज्याला सावरता येतं तेच पाखरू गिरेबाज म्हणायच्या लायकीचं.

आणि हे शिकवून येत नाही. चार्ल्स डार्विनने स्वतः कबुतरं पाळली होती, लंडनमधल्या कबुतरवाल्यांच्या क्लबांत तो जाऊन बसायचा. 1859 साली आलेल्या त्याच्या पुस्तकात त्याने मुद्दाम लिहिलंय की ज्या पिल्लांनी दुसरं कबुतर उलटताना कधी पाहिलंच नाही, तीही कोलांटी घेतात, आणि हे त्याने स्वतः पाहिलं होतं. म्हणजे पिल्लू काय करणार हे तू कुणाशी कुणाची जोडी लावतेस तिथेच बरंचसं ठरून जातं. मग ती दोन मिनिटांत उरकायची गोष्ट कशी असेल, सांग.

आता तुझी खरी अडचण. विकत आणलेली मोठी कबुतरं उडवता येत नाहीत. सोडलीस की ती सरळ जुन्या घरी जाणार, मग ते घर गोदावरीच्या पलीकडे असो नाही तर सिन्नरला. ती चारही पाखरं जाळीतच राहायची. उडायची ती त्यांची पिल्लं. मग न उडवता त्यांची पारख कशी करायची? ज्यांच्याकडून आणलीस त्यांच्या गच्चीवर सकाळी जाऊन. त्यांना विचार, या नराची भावंडं कुठली, या मादीची आई कुठली, आणि ती उडताना बघ. चहा देतील, तो घे, पण नजर वर ठेव. थवा एकत्र राहतो का? उलटलेलं पाखरू पुन्हा थव्यात मिसळतं का, की खालीच घुटमळत राहतं? उतरताना छत्रीवर, म्हणजे पाखरं उतरायच्या चौकटीवर, नेमकं बसतं का? एकदा जाऊन भागणार नाही. वारा असलेल्या दिवशी जा, ढगाळ दिवशी जा. खरा शौकीन माणूस याला कधी नाही म्हणत नाही. जो म्हणेल ‘उडवून काय बघायचंय, पाखराचा डोळा बघा’, त्याच्याकडून यापुढे काही घेऊ नकोस. बुबुळाच्या कड्यांवरून उडाण सांगणारे खूप भेटतील. मला ते कधीच पटलेलं नाही.

भावंडं पाहिलीस की मग जोडी ठरव. इथे लोक हमखास एकच करतात. जे सगळ्यात जास्त उलटतं त्याला तशीच दुसरी गाठून देतात. पिल्लं आणखी उलटतील अशी आशा. उलटतातही, पण सावरणं हातचं जातं. असं पाखरू गिरक्या घेत खाली येतं आणि पत्र्यावर, कठड्यावर आपटतं. आपल्या देशातलंच लोटन बघ. पिढ्यान्‌पिढ्या निवडून निवडून त्याची गत अशी झाली की हातात धरून हलवून जमिनीवर ठेवलं की ते लोळत सुटतं, आणि उचलून घेतल्याशिवाय थांबत नाही. लोक त्याभोवती गोळा होऊन टाळ्या वाजवतात. मला ते बघवत नाही. तू एक बाजू जोरकस घे आणि दुसरी शांत, चढण चांगली असलेली, घराची ओढ पक्की असलेली घे. पिल्लं थोडी उशिरा उलटायला लागतील. लागू देत. कुणी चौथ्या महिन्यात सुरुवात करतं, कुणी वर्ष घेतं. आधी नुसती शेपटीवर बसल्यागत होतात, मग अर्धवट उलटतात. तेवढ्यावरून कुणाला नापास करू नकोस.

रंगाचं एक गुपित सांगते, कारण तुला रंगाचा सोस आहे हे मला ठाऊक आहे. कबुतरात मूळ रंग नर-मादीच्या गुणसूत्रांबरोबर चालतो. मादी तो आपल्या लेकीला देऊच शकत नाही, फक्त लेकाला देते. लेकीला तो बापाकडूनच येतो. म्हणून शुद्ध निळा, पंखावर दोन काळे पट्टे असलेला नर आणि तांबूस-राखी मादी अशी जोडी लावलीस तर सगळे नर आईच्या तांबूस रंगाचे होतात आणि सगळ्या माद्या बापाच्या निळ्या. अंगावर पिसं फुटली की लगेच नर कोण, मादी कोण ते कळतं. एरवी गिरेबाजाची नर-मादी ओळखायला भल्याभल्यांना वेळ लागतो. ‘दोन अंडी म्हणजे एक नर, एक मादी’ असं तुला चारजण सांगतील, ते दर वेळी खरं नसतं. आणि एखाद्या घरट्यात चार अंडी दिसली तर आनंदू नकोस, बहुधा दोघीही माद्याच असतात. या रंगाच्या हिशेबाची मजा घे, पण कोलांटीचा गुण दोघांकडून येतो, रंगाच्या मागे लागून तो हातचा घालवू नकोस.

आता वेळ. तू दिवाळी म्हणालीस ना, मी बोटांवर मोजलं. जोडी जमली की आठ-दहा दिवसांत अंडी, त्यानंतर सतरा-अठरा दिवस उबवणी, आणि पिल्लू स्वतः दाणे टिपायला लागेपर्यंत जवळजवळ महिना. दिवाळीनंतर लावलेल्या जोडीची पिल्लं पहिल्यांदा आभाळात जाणार ती नेमकी संक्रांतीच्या तोंडावर. आपल्या नाशकात आणि येवल्याकडे तेव्हा आभाळ पतंगांनी भरलेलं असतं. नायलॉन मांजावर 2017 पासून देशभर बंदी आहे, पण तो दिसायचा राहिलाय का? नवख्या पिल्लाला अजून वळता येत नसतं, ते सरळ दोऱ्यात जातं. शिवाय थंडीत बहिरी ससाणे उत्तरेकडून खाली आलेले असतात.

म्हणून माझं ऐक, नाताळच्या सुमाराला जोड्या लाव. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात अंडी येतील, महिना संपता संपता पिल्लं फुटतील, आणि फेब्रुवारी सरताना ती छत्रीवर येतील. पतंग उतरलेले, सकाळ अजून गार, उन्हाचा तडाखा दूर. तोवर तुझी मोठी पाखरं पावसाळ्यातली पिसं झाडून पुरती भरलेली असतील. पिसं झडत असताना जोडी लावणं म्हणजे मादीच्या अंगावर दुहेरी ओझं. तोवर नर आणि माद्या वेगळ्या कप्प्यांत ठेव. जोडी लावायच्या आधी ठरलेली दोघं आठवडाभर मधल्या जाळीतून एकमेकांना दिसू देत. नर घुमायला लागला आणि मादी मान हलवून जवळ आली की मगच मधली जाळी काढ. उगाच कोंडलेली जोडी एकमेकांना टोचून रक्तबंबाळ करते.

घरट्याला मातीची परळं वापर, लाकडी खोकं नको. परळात अंडी मध्यावर राहतात आणि पिल्लाच्या पायांना आधार मिळतो. तळाशी वाळू, वर सुकं गवत आणि कडुनिंबाच्या बारीक काड्या टाक. उरलेल्या काड्या ढाबळीत मोकळ्या ठेव, नर एकेक काडी चोचीत धरून आणतो आणि मादीच्या पाठीवरून पुढे ठेवतो. तेवढं काम त्यांचं त्यांना करू दे. पहिलं अंडं संध्याकाळी येतं, दुसरं एक दिवस सोडून पुढच्या दिवशी दुपारी. पहिल्यावर ती नुसती उभी राहील, बसणार नाही. घाबरू नकोस, दोन्ही पिल्लं बरोबर फुटावीत म्हणून ते असतं. मग पाळी लागते. सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला नर बसतो, चारच्या सुमाराला मादी येते आणि रात्रभर तीच. पाळी बदलताना एकदा तरी बघ. मादी कडेला येऊन थांबते, नर अंगाखालचं अंडं जरा सरकवून हलकेच उठतो आणि ती लगेच आत शिरते, अंडं उघडं पडतं ते इतकंच. पाचव्या-सहाव्या दिवशी संध्याकाळी बॅटरीच्या उजेडात अंडं धर, लाल शिरांचं जाळं दिसलं तर जीव धरलाय.

पिल्लू फुटतं तेव्हा आंधळं, पिवळट केसांचं, दोन बोटांवर मावेल एवढं असतं. पहिले चार-पाच दिवस त्याला दाणा चालत नाही. आईबापांच्या गळ्यातल्या पिशवीत दह्याच्या कवडीसारखं दूध तयार होतं, आणि गंमत म्हणजे बापालाही येतं. पिल्लू आपली चोच त्यांच्या चोचीत खुपसून ते ओढून घेतं. या दिवसांत परळात सारखा हात घालू नकोस. सातव्या-आठव्या दिवशी पायात कडं घाल आणि वहीत लिही: कडं, आईबाप, तारीख. ही वही तुझ्या ढाबळीतली सगळ्यात मोलाची वस्तू होईल.

आता मी ज्याच्यासाठी लिहायला बसले ते. पिल्लं तीन आठवड्यांची होत नाहीत तोवर मादी दुसऱ्यांदा अंडी घालायला बसते. तिला थांबवणारं निसर्गात कुणी नाही, ते तुलाच करायचंय. वर्षाला एका जोडीकडून दोन खेपा, फार तर तीन, एवढंच घे. तिसऱ्या खेपेनंतर अंडी आली तर ती काढून त्यांच्या जागी लाकडी अंडी ठेव, नाही तर घातली तीच उकडून, गार करून परत ठेव. नुसती काढून घेतलीस तर आठ-दहा दिवसांत ती पुन्हा घालेल आणि झिजत राहील. तिला उबवू दे, कंटाळून ती आपोआप उठते. मग जोडी वेगळी कर. हे निर्दयपणाचं वाटेल तुला, मला माहितीय. पण दाटीवाटीच्या ढाबळीत आजारी पडणारी पिल्लं बघणं याहून किती तरी वाईट.

अकबराच्या पदरी वीस हजारांवर कबुतरं होती, अबुल फज़लने ‘आईन-ए-अकबरी’त तसं लिहून ठेवलंय. पण त्यांतली खाशी म्हणून निवडलेली फक्त पाचशे. बादशहाकडे दाण्याला आणि माणसांना तोटा नव्हता, तरीही निवड एवढी कडक. तुझ्याकडे एक ढाबळ, एक गच्ची आणि कॉलेजच्या आधीची सकाळ. बारा-पंधरा पाखरांच्या वर जाऊ नकोस. बारा पाखरं नावानिशी ओळखता येतात, कुणाची विष्ठा पातळ झाली, कोण पिसं फुगवून कोपऱ्यात बसलंय, हे एका नजरेत कळतं.

खाण्यापिण्याचं थोडक्यात. एका पाखराला दिवसाला तीस-चाळीस ग्रॅम दाणा पुरतो. उडणाऱ्यांना बाजरी, ज्वारी, थोडा गहू; पिल्लं भरवणाऱ्यांना त्यात हरभरा, मटकी, मका वाढव. शिंपल्यांचा चुरा, विटेची बारीक खडी आणि चिमूटभर मीठ कायम वेगळ्या वाटीत. दाणा उडवून झाल्यावर द्यायचा, आधी नाही. भरल्या पोटी पाखरू उडत नाही आणि उडालं तर शीळ घातली तरी उतरत नाही. आठवड्यातून दोनदा परातीत आंघोळीचं पाणी ठेव. मान वाकडी होऊन पाखरू गोल फिरायला लागलं तर मानमोडी समजून ते लगेच वेगळं कर, तोंडात पिवळट थर दिसला तर थेट पशुवैद्यांकडे ने. दुकानदाराच्या गोळ्या देत बसू नकोस. मानमोडीची लस आधीच विचारून ठेव. पावसाळ्यात डासांमुळे चोचीभोवती देवीचे फोड येतात, म्हणून बारीक जाळी लावलीस ते फार चांगलं केलंस.

आणि आता एक गोष्ट आईसमोर बोलता येत नाही ती. बाबांचा खोकला. तू लहान होतीस. ते सकाळी कोरड्या झाडूने ढाबळ झाडायचे, आणि दुपारनंतर त्यांना कणकण यायची, छाती भरायची, धाप लागायची. सगळे म्हणायचे हवा बदलली. पण कबुतरांच्या पिसांची आणि वाळलेल्या विष्ठेची धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली की काहींच्या फुप्फुसांना कायमची सूज येते, आणि ती पुढे हटत नाही. ते गच्चीवर येणं सोडून बसले ते कबुतरांचा कंटाळा आला म्हणून नाही गं. म्हणून तुला हात जोडून सांगते. आधी पाणी शिंपड, मग खरवड. कोरडा झाडू ढाबळीत नकोच. चांगला घट्ट बसणारा मास्क लाव, तोंडाला बांधलेली ओढणी चालत नाही. ढाबळीतले कपडे गच्चीवरच बदल, त्याच कपड्यांत बाबांच्या खोलीत जाऊ नकोस. साफसफाईनंतर चार-सहा तासांनी कोरडा खोकला आणि ताप येतोय असं दोनदा झालं तर डॉक्टरांकडे जा आणि ‘माझ्याकडे कबुतरं आहेत’ हे पहिलं वाक्य बोल. पाखरं कमी ठेव म्हणते त्याचं अर्धं कारण हेच आहे.

शेजाऱ्यांनाही याची धास्ती असते आणि ती खोटी नाही. 2025 च्या पावसाळ्यात मुंबईत दादरचा कबुतरखाना ताडपत्र्या टाकून बंद केला, तेव्हापासून लोक कबुतर म्हटलं की नाक मुरडतात. त्यांना रागावू नकोस. खालच्या काकूंच्या वाळवणावर विष्ठा पडू देऊ नकोस, त्यांचे पापड-कुरडया गच्चीवर असतील त्या सकाळी उडवू नकोस, विष्ठा रोजच्या रोज पिशवीत बांधून टाक. मोकळ्या पारव्यांना गच्चीवर दाणा तर मुळीच नाही. ते उवा आणि रोग घेऊन येतात आणि मग हलत नाहीत.

पिल्लांना बाहेर काढशील तेव्हा पहिले काही दिवस फक्त छत्रीवर बसव, संध्याकाळी, दाण्याच्या आधी, म्हणजे पोटात भूक असते आणि घराकडे ओढ. त्यांना हाकलू नकोस, टाळी नको, फडकंही नको. ती स्वतःहून उडून बघतील, पडतील, पत्र्यावर बसतील. शिक्रा समोरच्या उंबरावर येऊन बसत असेल तर दोन दिवस सोडूच नकोस. आणि गच्चीच्या कठड्याची मागची बाजू आधी बांधून घे, मी हात जोडते. बाबराचे वडील उमर शेख मिर्झा 1494 साली आपल्या कबुतरखान्यासकट दरीत कोसळून गेले. बाबराने आत्मचरित्रात स्वतः तसं लिहिलंय. वर बघत मागे सरकायची सवय सगळ्याच कबुतरवाल्यांना असते.

उरलेल्या पाखरांचंही आधीच ठरव. जे उलटत नाही ते वाईट नाही, त्याला फक्त तुझ्या जोडीत जागा नाही. एखाद्या नीट सांभाळणाऱ्या घरी दे, कड्याचा नंबर वहीत ठेव. गोदाघाटावर नेऊन सोडून देऊ नकोस. पाळलेल्या पाखराला स्वतःचं पोट भरता येत नाही. दुसऱ्या कुणाचं चुकून तुझ्या जाळीत आलं तर कडं बघून परत कर. आपल्याकडे पकडलेलं पाखरू ठेवून घ्यायची रीत आहे, पैजाही लागतात, तू दोन्हींत पडू नकोस.

तू घ्यायचा म्हणतेस तो पांढरा नर, पाच हजारांचा, त्याला सध्या नाही म्हण. त्याची भावंडं उडताना कुणी पाहिलेली नाहीत. त्या पैशांत कठडा बांधून होईल आणि जाळीही नवी येईल. नाताळच्या सुट्टीत मी येतेच आहे. वही मी आणते, परळं कुंभारवाड्यातून तू घेऊन ठेव, चार नकोत, सहा घे. दुसऱ्या खेपेला वेगळं परळ लागतं.